चोपदार का आला नाही?



वाचक माउलींनो, माउलींच्या पालखी सोहळ्यात जो एकदा तरी चालला आहे त्याला मुक्कामाच्या तळावरची समाज आरती समजावून सांगावी लागत नाही. दिवसभराची वाट सरलेली असते. पालखी तळावर येते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात, गजर टिपेला पोचलेला असतो. मग चोपदार हातातला चोप उंच धरतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. सगळा तळ शांत आणि एका बाजूला तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार त्या टाळांकडे चालत जातात, काय झाले ते विचारतात, ऐकून घेतात. समाधान झाले की ते टाळ थांबतात. त्यानंतर आरती होते. माउलींची आरती एका दिंडीच्या तक्रारीसाठी खोळंबते, आणि त्यात माउलींचा अवमान झाला असे आजवर कोणी म्हटले नाही.

ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो. तिचा अर्थ मात्र मला म्हातारपणी एका परदेशी चित्रपटाने सांगितला. त्या चित्रपटाविषयी आज लिहितो आहे. भक्तिपर मासिकात चित्रपटाचे परीक्षण कशाला, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

चित्रपटाचे नाव ‘मेआ मॅक्सिमा कुल्पा: सायलेन्स इन द हाऊस ऑफ गॉड’. पहिले तीन शब्द लॅटिन आहेत. ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत पापाची कबुली देताना ते येतात. अर्थ असा, की माझा अपराध, माझा फार मोठा अपराध. पुढच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ, देवाच्या घरातले मौन. ॲलेक्स गिब्नी या अमेरिकन दिग्दर्शकाने तो 2012 मध्ये केला. ही कल्पित कथा नव्हे, माहितीपट आहे. पावणेदोन तासांच्या आसपास चालतो. नातवाने तो लॅपटॉपवर लावून दिला आणि शेजारी बसून मराठीत सांगत गेला. मला इंग्रजी येत नाही. म्हणजे मलाही दुसऱ्याच्या तोंडूनच समजून घ्यावे लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांची ही हकिकत आहे त्यांची अडचण नेमकी तीच होती.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराजवळ सेंट जॉन्स नावाची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. कॅथलिक पंथाची. तिथे लॉरेन्स मर्फी नावाचा पाद्री 1950 मध्ये आला, पुढे शाळेचा प्रमुख झाला आणि 1974 पर्यंत राहिला. त्याला स्वतःला ऐकू येत होते, पण हातांची भाषा तो मुलांइतकीच सफाईने बोलायचा. लोकांकडून शाळेसाठी पैसा उभा करण्यात त्याचा हातखंडा होता. मुले त्याच्याभोवती गोळा व्हायची, पालक त्याचे पाय धरायचे बाकी होते. या माणसाने त्या वर्षांत 200 पर्यंत मुलांवर लैंगिक अत्याचार केले असा हिशेब पुढे लागला. रात्री वसतिगृहात, आणि जिथे मूल देवापुढे मन मोकळे करायला येते त्या पापनिवेदनाच्या जागीसुद्धा.

चित्रपटात अशी एक गोष्ट येते की ती ऐकून मी नातवाला थांबायला सांगितले. मर्फी मुले निवडून घ्यायचा. ज्यांच्या आईबापांना हातांची भाषा येत नाही अशी मुले तो हेरायचा. पोरगे सुटीत घरी जाणार, पण सांगणार कोणाला? आई जेवायला वाढील, डोक्यावरून हात फिरवील, पण तिला लेकराचे बोलणे कळणार नाही. घर आणि लेकरू यांच्यामधला दुभाषी तोच, आणि चोरही तोच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अशातला हा प्रकार.

त्या मुलांपैकी चार जण आता वयस्क झालेले, या चित्रपटात बोलतात. बोलतात म्हणजे हातांनी बोलतात. दिग्दर्शकाने इथे मोठे शहाणपण दाखवले आहे. ख्रिस कूपर, इथन हॉक, जेमी शेरिडन, जॉन स्लॅटरी या नामवंत नटांचे आवाज त्यांच्या बोलण्याला दिले आहेत, पण कॅमेरा त्या चौघांच्या हातांवरून आणि चेहऱ्यांवरून हलत नाही. हातावर हात आपटल्याचा आवाज, श्वास, घशातून निसटलेला हुंकार, हे सगळे तसेच ठेवले आहे. मला इंग्रजी कळत नव्हते म्हणून मी हातच पाहत राहिलो, आणि थोड्या वेळाने लक्षात आले की नातू सांगण्याआधीच मला बरेचसे समजते आहे. जन्मभर मी शब्दांवर पोट भरले. आवाज गेला तर कीर्तनकाराचे सगळे गेले, असे मानत आलो. त्या हातांपुढे माझी ती समजूत गळून पडली. आमच्या सप्ताहाला एक कर्णबधिर गृहस्थ येतात. मृदंगाजवळची जागा धरून बसतात. आम्ही त्यांना प्रेमाने प्रसाद देतो. पण त्यांना काही सांगायचे आहे का, असे इतक्या वर्षांत मी कधी विचारले नव्हते.

आता चित्रपटाचा खरा सिद्धांत सांगतो. नावात मौन हा शब्द आहे. सामान्य माणूस म्हणेल, मुलांना बोलता येत नव्हते म्हणून पाप झाकले गेले. चित्रपट पुराव्यानिशी दाखवतो की हे खोटे आहे. मुले गप्प बसलीच नव्हती. 1970 नंतरच्या काळात तरुण झालेल्या त्या मुलांनी मर्फीचे चित्र छापून पत्रके काढली आणि मिलवॉकीच्या मुख्य चर्चबाहेर लोकांत वाटली. पोलिसांकडे गेले. सरकारी वकिलाकडे गेले. आर्चबिशपना भेटले. चौघांपैकी एकाने 1995 मध्ये थेट व्हॅटिकनला, म्हणजे त्यांच्या धर्मपीठाच्या राजधानीला, पत्र लिहून सगळे कळवले. त्यांच्याही आधी ऐकू येणाऱ्या एका पाद्र्याने वरिष्ठांच्या कानावर ही गोष्ट घातली होती. टाळ वाजतच होते माउली, तीस-चाळीस वर्षे वाजत होते. चोपदार आला नाही.

मग झाले काय? 1974 मध्ये मर्फीला शाळेतून हलवले आणि राज्याच्या उत्तर भागात त्याच्या आईच्या घरी राहायला पाठवले. शिक्षा नाही, पाद्रीपण काढले नाही. तिथेही त्याचा मुलांशी संबंध राहिलाच. 1990 नंतर त्याची चौकशी झाली तेव्हा त्याने कबुली दिली, आणि वर म्हणाला की मी त्या मुलांची पापे स्वतःवर घेत होतो. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. पापी माणूस शास्त्र टाकून देतो असे आपल्याला वाटते. हा शास्त्र पांघरून बसला होता. दुसऱ्याचे पाप आपल्या अंगावर घेणे हा त्यांच्या धर्मातला सर्वांत पवित्र विचार, आणि त्याचाच त्याने आडोसा केला.

1996 च्या जुलैमध्ये मिलवॉकीचे आर्चबिशप वीकलंड यांनी रोमला कार्डिनल रात्झिंगर यांच्या कचेरीला लिहिले. हेच रात्झिंगर 2005 मध्ये पोप झाले. आठ महिने उत्तर आले नाही. पुढे धर्मन्यायालयात चौकशी सुरू करायचे ठरले. तेव्हा मर्फीने 1998 च्या जानेवारीत रोमला विनवणीचे पत्र पाठवले: मी म्हातारा झालो, आजारी आहे, उरलेले दिवस पाद्री म्हणून सन्मानाने जगू द्या. त्याचे ऐकले गेले. चौकशी गुंडाळण्याकडे कल झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला, पाद्री म्हणूनच वारला.

पाहा, एका पत्राला किती लवकर कान मिळाले आणि दुसऱ्या पत्रांना किती वर्षे मिळाले नाहीत. ऐकण्याची शक्ती त्या पीठाकडे होती. ती कोणासाठी वापरायची, हे आधीच ठरलेले होते. अपराध्याच्या म्हातारपणाची दया आली, मुलांच्या बालपणाची आली नाही. पुढे 2010 मध्ये ही कागदपत्रे अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली तेव्हा जगाला कळले.

परीक्षण म्हटले की दोषही सांगितला पाहिजे. या चित्रपटात मला दोन उणिवा वाटल्या. पहिली अशी, की पाद्र्याच्या वागण्याची नाट्यरूप दृश्ये अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात, भीती वाटेल अशा संगीतावर घेतली आहेत. तो राक्षस दिसतो. पण खरी भीती तर तो राक्षस दिसत नव्हता यात आहे. तो हसरा होता, लाडका होता. राक्षसाला कोणीही ओळखील. ज्याच्या येण्याने अंगण उजळते त्या माणसावर नजर ठेवायची, हे अवघड, आणि चित्रपट तिथे सोपी वाट धरतो.

दुसरी उणीव अशी, की उत्तरार्धात कथा रोमला जाते. आयर्लंडमधला एक पाद्री, मेक्सिकोतला मासिएल नावाचा बडा धर्माधिकारी, पोप, कार्डिनल, कागदांचे ढीग. हे सगळे महत्त्वाचे आहे, पण त्या गर्दीत ते चार हात बराच वेळ दिसेनासे होतात. कीर्तनात दृष्टांत वाढत गेला की मूळ अभंग हरवतो, तसे झाले आहे. तरी इटलीतल्या व्हेरोना शहराचा भाग तिथेच येतो आणि तो मोलाचा आहे. तिथल्या प्रोव्होलो संस्थेतल्या कर्णबधिर माणसांनीही हातांनी हेच सांगितले. चित्रपट झाल्यानंतरची गोष्ट त्याला जोडून वाचली पाहिजे. त्या संस्थेतला एक आरोपी पाद्री अर्जेंटिनात मेंडोसा इथे त्याच संस्थेच्या शाळेत कर्णबधिर मुलांमध्येच राहत होता. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला 42 वर्षांची आणि त्याच्या सहकाऱ्याला 45 वर्षांची कैद दिली. व्हेरोनाच्या माणसांचे टाळ वेळीच ऐकले असते तर मेंडोसाची मुले वाचली असती. एका ठिकाणी झाकलेले पाप दुसऱ्या ठिकाणी उगवते, याचा याहून उघड दाखला मला ठाऊक नाही.

एक गोष्ट त्याच पंथाच्या बाजूने सांगणे न्यायाचे होईल. या चित्रपटात मुलांच्या बाजूने उभा राहणारा टॉम डॉयल हा धर्मकायद्याचा जाणकार पाद्रीच आहे. रिचर्ड साइप हे आधी साधू होते. धर्म मानणाऱ्यांनीच धर्मपीठाला आरसा दाखवला, आणि तसे करताना त्यांची श्रद्धा विटाळली नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणत असतील, महाराज, ही ख्रिस्ती लोकांची भानगड. पाद्र्यांना लग्न नाही, म्हणून असे होते. आपले संत प्रपंचात राहिले, आपल्याला काय त्याचे?

ज्याचे स्वतःचे घर कौलारू आहे त्याने शेजाऱ्याचे गळणारे छप्पर पाहून हसू नये. आसाराम यांना 2018 च्या एप्रिलमध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. ते प्रपंचातले होते, त्यांना लग्न होते, मुले होती. ती मुलगी त्यांच्याच गुरुकुलात शिकत होती, तिचे आईवडील त्यांचेच भक्त होते. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. आपल्या महाराष्ट्रात पनवेलजवळ कळंबोली इथे मतिमंद आणि मूकबधिर मुलींच्या आश्रयगृहात काय चालले होते ते 2011 मध्ये उघड झाले आणि मार्च 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी धरले. तिथे धर्मपीठ नव्हते. कुलूप होते, बोलता न येणारी लेकरे होती, आणि संस्था चांगली आहे असे म्हणणारे लोक होते. एवढे पुरते.

आणि आता आपल्या उंबऱ्यावर येतो. आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्यातून तयार झालेल्या साधकांनी गावोगाव कीर्तन नेले. तिचे ऋण माझ्यासारख्याच्या कातड्याचे जोडे करूनही फिटायचे नाही. पण गेल्या काही वर्षांत आळंदीत खोल्या भाड्याने घेऊन, पाटी लावून, खासगी वसतिगृहे पुष्कळ निघाली. मृदंग, गायन, पाठांतर शिकवतो असे सांगून लहान मुले ठेवून घेतली जातात. त्यातल्या काही ठिकाणी मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या फिर्यादी पोलिसांत नोंदल्या गेल्या, चालकांना अटकही झाली. खरेखोटे न्यायालय ठरवील. 2025 च्या सुरुवातीला आळंदीच्या ग्रामस्थांनीच आवाज उठवला आणि राज्य महिला आयोगानेही अशा अनधिकृत वसतिगृहांच्या तपासणीचा आग्रह धरला. तेव्हा आपल्याच काही मंडळींचे म्हणणे पडले, की हा संप्रदायाच्या बदनामीचा डाव आहे. मला वाटते, मिलवॉकीतही हेच शब्द इंग्रजीत बोलले गेले असतील.

गोरोबाकाकांची कथा मी पन्नास वर्षे सांगितली. तेरचे काका चिखल तुडवीत होते, मुखी नाम होते, देहभान नव्हते. रांगते लेकरू चिखलात आले आणि पायाखाली गेले. त्याचे रडणे काकांना ऐकू आले नाही. इथे मी थांबायचो, टाळकरी हलका ठेका धरायचे, आयाबाया पदर डोळ्याला लावायच्या. मग मी भक्तीची तन्मयता कशी असावी याचे निरूपण करायचो. ते निरूपण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. संतांच्या अवस्थेला आपली मोजपट्टी लावू नये. पण हा चित्रपट पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहिल्यांदा मी ती कथा त्या लेकराच्या बाजूने ऐकली. नामाच्या गजरात मुलाचे रडणे ऐकू आले नाही. काकांचे लेकरू देवाने परत दिले. आपण मात्र काका नाही. आपल्या गजरात जे लेकरू तुडवले जाईल ते परत येणार नाही.

आणि हे मी वरवर बोलत नाही. वीस-बावीस वर्षे झाली असतील. एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. काल्याच्या आदल्या रात्री एक माउली मला भेटायला आली. तिचा बारा वर्षांचा मुलगा एका महाराजांच्या वसतिगृहात मृदंग शिकायला होता. दिवाळीला घरी आला तो परत जायचे नाव काढेना. रात्री दचकून उठायचा, अंगाला कोणी हात लावला की किंचाळायचा. ती म्हणाली, “महाराज, तुमी एकदा इचारा ना त्याला. मला सांगत न्हाई.” तिला काय वाटते आहे ते तिच्या डोळ्यांत दिसत होते. मला ते कळले होते. मी म्हणालो, “माय, असलं काही मनातसुद्धा आणू नको. संतांच्या दारातली गोष्ट आहे. पोरगं हूड असंल, जाऊ दे दोन दिवस.” ती पाया पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी काल्याचे कीर्तन केले, आणि लोक म्हणाले की फार रंगले. पुढे कानावर आले की त्या मुलाने मृदंगाला पुन्हा हात लावला नाही.

त्या वसतिगृहात काय झाले होते याचा निवाडा मी करू शकत नाही, कारण मी विचारलेच नाही. माझा अपराध तोच आहे. टाळ वाजत होते, मला ऐकू येत होते, चोप माझ्या हातात होता आणि मी जागचा हललो नाही. चित्रपटाचे ते लॅटिन नाव नातवाने मराठीत सांगितले तेव्हा ते पोपला लागू पडते की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे, कीर्तन दुसरे. आपण कीर्तनकार मंडळी दुसरीवर बसून पहिलीला विसरलो. श्रवण म्हणजे फक्त हरिकथा ऐकणे, एवढाच अर्थ आपण धरला. पण पैठणच्या कथेकडे पाहा. ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले हे आपण आनंदाने सांगतो. ज्याला बोलता येत नाही तो बोलला. पण त्या कथेत दुसरेही काही घडले आहे: धर्मसभेला ते ऐकावे लागले. मुक्याला वाचा फुटणे ही अर्धी कथा. ऐकणाऱ्यांचा ताठा उतरला तेव्हा ती पुरी झाली. मिलवॉकीत पहिली अर्धी घडली. दुसरी अर्धी घडायला चाळीस वर्षे लागली आणि तीही अपुरीच राहिली.

गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने प्रत्येकाचे डोके पारखले, हेही आपणच सांगतो. नामदेवराय देवाचे लाडके, पण त्यांनाही सूट मिळाली नाही. नामदेवरायांची पारख झाली म्हणून संप्रदायाची बदनामी झाली का? मग एखाद्या महाराजांच्या वसतिगृहात कोणी पोलीस, कोणी बाई अधिकारी, कोणी ग्रामस्थ तपासणीला आले तर आपला कशाला जळफळाट व्हावा? भाजलेले मडके थापटण्याला भीत नाही.

आता कर्तव्याचे सांगतो. आपल्या देशात मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. तो मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू आहे. असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे कलम 19 सांगते. न कळवणे हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे झाकले तर एक वर्षापर्यंत. म्हणजे मी त्या रात्री जे केले तो आज कायद्यानेही अपराध ठरेल. मूल कर्णबधिर असेल तर त्याची भाषा जाणणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. तो वसतिगृहाच्या भिंतीवर विठोबाच्या तसबिरीशेजारी लिहावा, मुलाच्या उंचीला.

आपल्या राहू बेटातून, दौंड-शिरूरच्या गावांतून अनेक पोरे आळंदीला शिकायला जातात. मुलाला पाठवण्याआधी संस्थेची नोंदणी विचारा. न कळवता भेटायला जा. रात्री मुलांजवळ कोण झोपते ते पाहा. फोन करू देत नाहीत, सुटीत घरी सोडत नाहीत, आईबापांना आत येऊ देत नाहीत, अशा ठिकाणाहून मूल त्याच दिवशी घरी आणा, मग तिथले महाराज कितीही मोठे असोत. मूल बोलत नसेल तर त्याचे हात पाहा, झोप पाहा, जेवण पाहा. आणि जे कीर्तनकार आहेत त्यांना हात जोडून विनंती, की सप्ताहातल्या एका तरी कीर्तनात हे बोला. गोरोबाकाकांचे लेकरू नामदेवरायांच्या कीर्तनात परत आले, असे आपली परंपरा सांगते. कीर्तनाची जागा ही आहे. तिथे लेकरू परत यावे, तिथून ते हरवू नये.

हा चित्रपट सर्वांनी पाहावा असे मी म्हणणार नाही. लहानांना दाखवू नये, आणि ज्यांच्या काळजाला जुनी जखम आहे त्यांनी एकट्याने पाहू नये. पण दिंडीचालक, फडकरी, संस्था चालवणारे, सप्ताह कमिटीचे लोक यांनी कोणीतरी मराठीत सांगणारा शेजारी घेऊन जरूर पाहावा. इंग्रजीची भीती बाळगू नका. त्यातले हात आपल्याला कळतील.

पुढच्या आषाढीला समाज आरतीत चोप वर जाईल, तळ शांत होईल. तेव्हा एक क्षण कान देऊन उभे राहा. कुठे अजून टाळ वाजतो आहे का, ते ऐका. मी त्या माउलीला शोधून तिची क्षमा मागायची म्हणतो. वय झाले आहे, गाव आठवते, घर आठवत नाही. तरी वारीच्या आधी जाऊन येईन.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.